शुगरची गोळी, आतला धूर आणि हृदय

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, शेती करतात, १३ वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्र गोळी दिवसातून दोनदा चालू होती. मार्चमध्ये चालताना दम लागायला लागला, इको काढला तर हृदयाचं पंपिंग ४० टक्के निघालं. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम ही नवी गोळी वाढवून दिली. मग नात्यातल्या एकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, की शुगरच्या गोळ्यांनी अंगात 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' वाढतो आणि हार्ट त्यानेच खराब होतं. सोबत अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची बाटलीही आणून दिली. वडिलांनी आठ दिवसांपासून सगळ्या गोळ्या सोडल्या. कॅप्सूल आणि जांभूळबीचं चूर्ण तेवढं चालू आहे. कोणती गोळी हृदयाला चांगली, कोणती वाईट, आणि कॅप्सूल द्यायची का?

ताई, आधी तातडीचं. पंपिंग ४० टक्के असलेल्या माणसाने आठ दिवस सगळी औषधं बंद ठेवणं ही मला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपेक्षा फार मोठी काळजी वाटते. उद्याच त्यांना डॉक्टरांकडे न्या. शुगर आणि क्रिएटिनिन (म्हणजे किडनी कशी चालते ते) तपासून औषधं पुन्हा सुरू होतील. रात्री आडवं झाल्यावर दम लागत असेल, पायांवर सूज असेल, उलट्या होत असतील तर उद्याचीही वाट पाहू नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २६ वर्षं ओपीडी करतो. हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत आठवड्यातून एकदा तरी येतो. "साहेब, ह्या गोळ्यायनं कलेजा खराब होते म्हणते जी, खरं हाय काय?" पूर्वी किडनी खराब होते म्हणायचे, आता हृदय. व्हिडिओतली माहिती पूर्ण खोटी असती तर बरं झालं असतं. ती अर्धी खरी आहे, म्हणून उत्तर लांबतं.

खरा भाग असा. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आठवा. त्यात गरजेपेक्षा जास्त डिझेल गेलं की ते नीट जळत नाही, काळा धूर ओकतं. आपल्या प्रत्येक पेशीत असं छोटं इंजिन असतं, मायटोकॉन्ड्रिया. रक्तात साखर वाढली की स्नायूंच्या पेशी इन्सुलिन नसेल तर दार लावून घेऊ शकतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना ती सोय नाही. बाहेर साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. इंजिनावर लोड येतो आणि धूर निघतो. या धुराचं शास्त्रीय नाव सुपरऑक्साइड, आणि तो साचून होणारा त्रास म्हणजेच व्हिडिओतला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मधुमेहातल्या डोळे, किडनी, नसा या सगळ्या बिघाडांच्या मुळाशी हा एकच धूर असावा, असं मायकेल ब्राउनली या अमेरिकन डॉक्टरांनी २००१ च्या सुमारास मांडलं, आणि त्यांच्या मांडणीने आमच्या पिढीचं शिक्षण झालं.

हृदयाचा संबंध इथेच येतो. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सतत सोडत असतं. त्याने वाहिनी सैल राहते आणि रक्ताची गुठळी सहज धरत नाही. सुपरऑक्साइड या वायूलाच खाऊन टाकतो. वाहिनी आखडते. शिवाय वाईट कोलेस्टेरॉलचे कण या धुराने 'जळके' होतात, पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात, भिंतीतच अडकून बसतात, आणि वर्षानुवर्षं थर साचत जातो. एके दिवशी तो थर फुटला की हार्ट अटॅक.

म्हणजे धूर काढते ती वाढलेली साखर. गोळ्या सोडल्यावर वडिलांच्या आत धूर कमी नाही, जास्तच होणार. व्हिडिओवाल्याने बैलगाडी बैलांच्या पुढे जुंपली.

मग पुढचा विचार कुणालाही सुचेल: धूर हा शत्रू, तर धूर मारणारी गोळी, म्हणजे अँटिऑक्सिडंट, द्या. व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी, बीटा कॅरोटिन. हा विचार मूर्खपणाचा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना तो पटला होता आणि म्हणून त्यांनी तो माणसांवर तपासला. होप नावाच्या चाचणीत ९,५०० हून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई सुमारे साडेचार वर्षं दिलं, निम्म्यांना नुसती रिकामी, औषध नसलेली गोळी. त्यात मधुमेही भरपूर होते. २००० साली निकाल आला: हार्ट अटॅकमध्ये फरक शून्य. त्याच लोकांवर पुढेही लक्ष ठेवलं तेव्हा व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कमजोर पडणं, किंचित जास्तच दिसलं. २००२ साली ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांवर ई, सी आणि बीटा कॅरोटिन तिन्ही मिळून पाच वर्षं देऊन पाहिली. रक्तातलं जीवनसत्त्व वाढलं, हृदयाला काडीचा फायदा झाला नाही. आणि बाटलीवाले अजून विकतच आहेत. इंजिनात डिझेल भसाभस जात असताना धुरांड्याला ओला फडका बांधण्यासारखं आहे हे. तुमच्या वडिलांचं हृदय आधीच कमजोर आहे. ती कॅप्सूल मी देणार नाही.

जांभूळबीबद्दल लोक माझ्यावर रागावतात, तरी लिहितो. घरच्या झाडाच्या बिया वाळवून कुटल्या, चिमूटभर खाल्ल्या, तर माझी हरकत नाही, फक्त गोळीच्या जागी नको. बाजारातलं 'शुगर जड से खत्म' छापाचं पुडीतलं चूर्ण मात्र वेगळं. अशा चूर्णांत गुपचूप कुटून घातलेल्या ॲलोपॅथी गोळ्या सापडलेल्या आहेत. माझ्याकडे एक बाई अशा पुडीवर शुगर एकदम छान आली म्हणून खूश होत्या; पंधराव्या दिवशी पहाटे बेशुद्ध आणल्या.

आता गोळ्यांकडे येऊ. इथे एक गोष्ट मनात पक्की धरा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. गोळीने प्रयोगशाळेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी केला हे एक, आणि त्या गोळीने माणसाचा हार्ट अटॅक टाळला हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं गृहीत धरून आम्ही डॉक्टर लोक एकदा चांगले तोंडावर आपटलो आहोत.

रोझिग्लिटाझोन नावाची गोळी होती. इन्सुलिनचा परिणाम वाढवायची, शुगर उतरवायची, अंगातला दाह मोजणाऱ्या चाचण्यांत छान दिसायची. कागदावर हृदयासाठी याहून गोड औषध नव्हतं. २००७ साली अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा हार्ट अटॅकचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. मोठा गदारोळ झाला. भारतात २०१० मध्ये ती बंद झाली. मी स्वतः ती लिहून दिलेली आहे, विश्वासाने. तिची बहीण पायोग्लिटाझोन अजून आहे. आपल्याकडे जून २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेने तिच्यावर बंदी आली, पुढच्याच महिन्यात ती उठली आणि पाकिटावर इशारा आला. तिचं गणित आणखी विचित्र: लकवा आणि अटॅकच्या बाबतीत काही रुग्णांना थोडा फायदा दिसतो, पण ती अंगात पाणी धरून ठेवते, म्हणून हार्ट फेल्युअर वाढवते. तुमच्या वडिलांना ती चुकूनही नको. एकत्र गोळ्यांत ती तिसरी सोबतीण म्हणून येते, नाव बारीक अक्षरात असतं. पाकीट उलटून वाचा.

या रोझिग्लिटाझोनच्या प्रकरणाने एक भलं झालं. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सांगितलं, की यापुढे शुगरच्या नव्या औषधाने हृदयाला धोका नाही हे हजारो रुग्णांवर सिद्ध करून दाखवायचं. कंपन्यांनी कुरकुरत मोठ्या चाचण्या केल्या. धोका नाही एवढंच दाखवायचं होतं, निघालं भलतंच.

२०१५ साली डापाग्लिफ्लोझिनच्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचा निकाल आला. आधीच हृदयाचा आजार असलेले ७,००० मधुमेही, साधारण तीन वर्षं. रिकामी गोळी घेणाऱ्या शंभरांत हृदयाच्या कारणाने सहा गेले, ही गोळी घेणाऱ्या शंभरांत चारांहून कमी. हार्ट फेल्युअरने भरती होणं ३५ टक्क्यांनी उतरलं. आणि शुगर? ती दोन्ही गटांत फार वेगळी नव्हती. आम्ही निकाल दोनदा वाचला. मग २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिन, म्हणजे तुमच्या वडिलांची गोळी, कमजोर पंपिंगच्या ४,७४४ रुग्णांना दिली. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना शुगर नव्हतीच! तरीही हृदयाच्या कारणाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बिघडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झालं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी ती शुगरसाठी 'वाढवलेली' नाही, हृदयासाठी दिलेली आहे. शुगर नॉर्मल आली तरी ती चालू राहते, हे घरात सगळ्यांना सांगा. नाहीतर रिपोर्ट चांगला आला की पहिली तीच बंद होते.

ती करते काय? किडनी साखर गाळून पुन्हा रक्तात ओढते, तो नळ ती बंद करते. रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून निघून जाते, सोबत मीठ आणि पाणी. इंजिनाकडे जाणारं डिझेल मुळात कमी. हृदयाच्या पेशीत साचलेलं सोडियम कमी होतं, तिथला धूरही कमी होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. पण खरं श्रेय पाणी उतरण्याचं किती, किडनी वाचण्याचं किती आणि धुराचं किती, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. रुग्णाने त्या वादात पडू नये. हिचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि किंमत आपल्या माणसाला झेपेल इतकी खाली आली. वणी-पांढरकवड्याच्या मेडिकलातही मिळते.

पण विदर्भात ही गोळी देताना मला एक भीती असते, आणि ती कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते: आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, माणूस सकाळपासून पऱ्हाटीचे खुंट वेचतोय, घाम निथळतोय, आणि गोळी लघवीतून आणखी पाणी काढतेय. सोबत बीपीची, पाणी उतरवणारी गोळी असेल तर उठताना चक्कर येते, किडनीला ताण पडतो. आता हृदय कमजोर असलेल्याला 'भरपूर पाणी प्या' असंही मोकळेपणी सांगता येत नाही. म्हणून एप्रिलमध्येच डॉक्टरांना भेटून पाणी उतरवणाऱ्या गोळीचा डोस आणि दिवसभरात किती पाणी प्यायचं ते ठरवून घ्या. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय, उतरलं तर आटतंय.

दुसरं, जुलाब-उलट्या लागल्या किंवा ताप येऊन जेवण बंद झालं, तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन तेवढे दिवस थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. कडक उपवासाच्या दिवशीही डापाग्लिफ्लोझिन नको. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणारे लोक माझ्या ओपीडीत आहेत. कारण उपाशीपोटी या गोळीवर रक्तात आम्ल वाढू शकतं आणि त्या वेळी शुगर १८०-२०० च असते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही त्याची खूण. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर निदान तीन दिवस आधी ती बंद करतात. मोतीबिंदूच्या शिबिरात गेलात तरी गोळी चालू आहे हे सांगा. लघवीच्या जागी खाज सुटते, त्याबद्दल पुरुष माणसं बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. दर वेळी लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करणं एवढ्यानेही बराच त्रास टळतो.

मेटफॉर्मिनबद्दल माझं मन स्वच्छ आहे. ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात, १९९८ साली, जास्त वजनाच्या मधुमेहींत मेटफॉर्मिन गटात हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी कमी निघाले. तो गट फक्त ३४२ जणांचा होता, म्हणून आकडा डोक्यावर घेऊन नाचायचं नाही, पण इतक्या वर्षांच्या वापरात तिने हृदयाचं वाईट केलेलं दिसत नाही. ती मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्याच चक्राला हलका ब्रेक लावते, त्याने धूर कमी गळतो असं प्रयोगशाळेत दिसतं. किडनी फार उतरली तर ती बंद करावी लागते, म्हणूनच क्रिएटिनिन. आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होतं. आपल्याकडच्या माळकरी मंडळींत ते आधीच कमी असतं. पायाला मुंग्या येतात, सगळे 'शुगरच्या नसा' म्हणून सोडून देतात, आणि कारण बी-१२ चं असतं. १३ वर्षं झालीत ना, एकदा तपासून घ्या.

मला खरी चिंता आहे ती ग्लिमेपिराइडची. ही गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते, पोटात अन्न असो वा नसो. गोळी वाईट नाही. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत सहा वर्षं लिनाग्लिप्टिन या शुगरच्या दुसऱ्या गोळीशी तुलना केली तेव्हा हृदयाच्या बाबतीत दोघी सारख्याच निघाल्या. पण शुगर धाडकन उतरण्याचे प्रसंग ग्लिमेपिराइडमध्ये कितीतरी जास्त होते. आणि शुगर उतरली की शरीर घाबरून ॲड्रेनलिन सोडतं, हृदय धडधडतं, ठोका चुकतो, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही वाढतो. कमजोर हृदयाला हा झटका परवडत नाही.

एक प्रसंग सांगतो. ऑगस्टमध्ये एका शेतकऱ्याला पोरं मोटरसायकलवर मधे धरून घेऊन आली. कपाशीवर फवारणी करता करता पडला, अंग घामाने चिंब, तोंडाने बडबड. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून घाम आणि बडबड म्हटलं की सगळ्यांच्या मनात फवारणीचं औषधच येतं. वाटेतल्या दवाखान्यातही विषबाधाच धरली होती. मी सवयीने ग्लुकोमीटर लावला: ३८. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत उठून म्हणाला, "सकाळी गोळी घेतली जी, अर्धी भाकर खाल्ली, मंग न्याहारीले टाइमच नाही भेटला." लोकांना गोळी लक्षात राहते, भाकर राहत नाही. तुमच्या वडिलांना डापाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यावर ग्लिमेपिराइडचा डोस कमी करता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. ती बदलायची झाली तर ग्लिप्टिन गटातली एखादी चालते. त्यात सिटाग्लिप्टिन हृदयाला ना फायदा ना तोटा अशी सिद्ध झालेली आहे. सॅक्साग्लिप्टिनने हार्ट फेल्युअरच्या भरती वाढल्या होत्या, म्हणून ती नको. आणि आपल्याकडे स्वस्त म्हणून सर्रास लिहिली जाणारी टेनेलिग्लिप्टिन, तिची एवढी मोठी हृदय-चाचणी झालेलीच नाही.

इन्सुलिनला घाबरू नका. १२,५०० लोकांवर सहा वर्षं तपासलं, हृदयाला अपाय नाही. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं अटॅकचा धोका खरोखर कमी करतात, पण तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला आज त्यांची गरज दिसत नाही.

शुगर एकदम नॉर्मलवर आणायचा हट्टही नको. अमेरिका-कॅनडातल्या एका चाचणीत दहा हजार रुग्णांपैकी निम्म्यांची तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) ६ टक्क्यांच्या खाली खेचायचा प्रयत्न झाला; निकाल २००८ साली आला. त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी वाढले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. तुमच्या वडिलांचं वय आणि हृदय पाहता ७ ते साडेसातच्या आसपास मी समाधानी असेन.

आणि ताई, तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही, पण मी विचारतो: बाबा खर्रा खातात का? आपल्याकडे साठीचा शेतकरी आणि खर्रा नाही असं क्वचित. अंगातला धूर वाढवणारी वस्तू शोधायचीच असेल तर ती त्या प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली आहे. तंबाखू ओढला नाही, नुसता चघळला, तरी हार्ट अटॅकचा धोका वाढतो; सुपारीही निर्दोष नाही. माझे रुग्ण तोंडातला खर्रा बाहेर थुंकून आत येतात आणि विचारतात, गोळीनं हार्ट खराब होते काय.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, रिकामी आणि अर्धी सुद्धा, कॅप्सूलची बाटली आणि चूर्णही. इकोचा कागद सोबत ठेवा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन चालू आहे का आणि हृदयाच्या कमजोरीची बाकीची औषधं सुरू केलीत का, हे विचारा, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही आणि मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकली.